शेप्टोबा

...आणि वर मलाच विचारतात, 'सायब, नारळ कुठं फोडायचा?' मला! अहो, मी सुरक्षा अधिकारी आहे! सेफ्टी ऑफिसर! माझ्या ऑफिसच्या दारावर तशी पाटी आहे. ऑफिस म्हणजे काय, गोदामाच्या कोपऱ्यात एक टेबल आणि तीन पायांची खुर्ची, चौथ्या पायाच्या जागी वीट... सुरक्षा अधिकाऱ्याची खुर्चीच सुरक्षित नाही, पण ते जाऊ दे. तुम्हीच सांगा, जगात कुठल्या सुरक्षा अधिकाऱ्याला 'नारळ कुठं फोडायचा' असं विचारतात? कोल्हापुरात विचारतात! आणि मी काय केलं होतं म्हणून? काहीही नाही. तुम्हाला शपथेवर सांगतो, मी फक्त रंग लावला होता हो. नुसता रंग!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीसुद्धा माझ्यापुढं हात जोडाल.

मी नृसिंह. मंगळवार पेठेत राहतो. आमचे दादा, म्हणजे वडील, शाळामास्तर, मी सांगलीला राहून इंजिनिअर झालो, आणि कॉलेजात 'देव ही कल्पना मोडीत काढा' या विषयावर असा बोललो, असा बोललो, की परीक्षकांनी मला ढाल दिली आणि बाहेर आल्यावर पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'बाळ, आता घरी जाऊन आईच्या पाया पड.' ती ढाल अजून आमच्या फळीवर आहे. आई दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालते. मी ओरडतो, 'अगं, ती कशाबद्दल मिळालीय माहिती आहे का?' ती म्हणते, 'असू दे रे, पितळेची आहे ना!'

तर असा मी, नोकरीला लागलो उद्यमनगरात, अंबूबाई आयर्न वर्क्समध्ये. ऑईल इंजिनचे सुटे भाग बनवतात. अंबूबाई म्हणजे मालकांच्या मातोश्री, आणि मालक म्हणजे हंबीरराव. तरुणपणी कुस्त्या मारलेले, दोन्ही कान चुरगळलेले, मनगट माझ्या मांडीएवढं, आणि मन... मन लोण्याचं, पण ते लोणी ऐन थंडीतलं. वितळायला वेळ लागतो. फॅक्टरी इन्स्पेक्टर मागं लागले म्हणून त्यांनी मला नेमलं. पहिल्या दिवशी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, 'सेफ्टी म्हंजी काय वो? रातीला बॅटरी घिऊन फिरायचं?'

मी म्हटलं, 'नाही, मी वॉचमन नाही. कामाच्या जागी कुठं कुठं धोका आहे ते हुडकायचं आणि माणसाला इजा व्हायच्या आत तो दूर करायचा.'

'आन् इजा झाली न्हाय, तर तुमी काय केलं हे कळायचं कसं?'

आता याला काय उत्तर आहे? तुमच्याकडं आहे?

पण मी तरुण, रक्त गरम, निघालो धोका हुडकायला. हुडकायला कसला लागतोय! धोकाच मला हुडकत येत होता! इकडं बघावं तर उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवलेल्या, तिकडं बघावं तर एक पैलवान डिझेलच्या डब्यावर ऐसपैस बसून विडी ओढतोय. मी किंचाळलो, 'अहो, डिझेल आहे खाली!' तर म्हणतो, 'डबा रिकामा हाय सायब, नुसता वास येतुया,' आणि त्याच डब्याला विडी टेकून विझवली! भट्टीवर तर पातळ झालेलं लोखंड घेऊन माणसं अनवाणी चालत होती. अनवाणी! मी मालकांपुढं धरणं धरलं, उपाशी बसतो म्हणालो, तेव्हा कुठं सगळ्या गड्यांना जाडजूड बूट आले, ठिणग्या उडतात तिथं घालायला गॉगल आले. बायकांना नाही हं. 'लुगड्याखाली बूट कुठं चांगला दिसतुया व्हय?' हा मालकांचा शास्त्रीय मुद्दा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळे परत अनवाणी. प्रेस चालवणारा ज्ञानू म्हणून एक पोरगेला गडी आहे, त्याला धरला. 'ज्ञानू, बूट कुठायत?'

'घरात हाईत की.'

'घरात कशाला?'

'लई भारी हाईत सायब. भट्टीवर कशाला घाण करायचं? परवा पोरगी बघाय आजऱ्याला गेलतो, तवा घातलंतं.'

'आणि गॉगल?'

'त्यो बी घातलाता.'

'मग?'

'पोरगीनं पसंत केलं की!' असा लाजला, असा लाजला... मी म्हटलं अभिनंदन. पण उद्यापासून बूट पायात पाहिजेत! आणि रोज फाटकावर उभा राहून, एकेकाचे पाय बघून आत सोडायला लागलो. महिन्याभरानं सगळ्यांच्या पायात बूट दिसायला लागले. सुरक्षा अधिकारी म्हणून माझा पहिला विजय. हे बूट लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहेत.

आता मुख्य रोग. ज्ञानूचा तो प्रेस. पत्र्यातून भाग ठोकून काढणारं प्रचंड धूड, आणि त्याच्या कुशीला पुरुषभर उंचीचं चाक, त्यावर मोटरकडून आलेला पट्टा. चाक उघडं. पट्टा उघडा. आणि चाक नि भिंत यांच्यामध्ये एक बोळ, माणूस आडवा होऊन जाईल एवढाच. बोळाच्या पलीकडं काय? पाण्याचा माठ! म्हणजे कारखान्यात ज्याला ज्याला तहान लागेल त्यानं त्यानं गरगर फिरणाऱ्या चाकाला पोट घासून जायचं, पाणी प्यायचं आणि पाठ घासून परत यायचं! वळसा घालून जायला दुसरी वाट होती, पण ती लांब. केवढी लांब? तुम्ही जांभई द्यायला लागलात तर ती संपायच्या आत पोचाल, एवढी लांब.

आणि त्या बोळातून सगळ्यात जास्त कोण जायचं? बनाबाई.

बनाबाई भट्टीची वाळू चाळतात. माझ्या आईच्या वयाच्या, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याच्या वयाचा. मी नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या डब्यात डोकावून म्हणाल्या, 'ह्ये काय खातुयास लेकरा, चपातीचं कागुद? ही घे,' आणि ज्वारीची भाकरी, खर्डा, वर कांदा बुक्कीनं फोडून. तेव्हापासून रोज. सगळे मला 'सायब' म्हणतात, बनाबाई 'नरसू' म्हणतात, आणि सगळ्यांदेखत माझा शर्ट पँटमध्ये नीट खोचतात. सुरक्षा अधिकाऱ्याचा शर्ट! असो. तर ही बाई नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन, त्याचं टोक मोकळं सोडून, दिवसातून किती वेळा त्या चाकाला खेटून जायची हे बघितलं ना, की मी हातातली भाकरी तशीच टाकून त्यांच्या मागं धावायचो.

'बनाबाई, हात जोडतो, पदर खोचा तरी, नाहीतर वळसा घालून जा!'

'आरं, मी हितनंच जातो रोज. वळखतंय की चाक मला.'

'चाक कुणाला ओळखत नाही हो!'

'तुला वळखत न्हसंल. नवा हाईस तू.'

मी घरी जाऊन जाळीचं ड्रॉइंग काढलं. चाकाला चारी बाजूंनी लोखंडी जाळीचा पिंजरा, पुढं दार, दाराला कुलूप, बोळ बंद, माठ उचलून अलीकडं. साधं काम! आमच्याच कारखान्यात होण्यासारखं! हंबीररावांनी ड्रॉइंग उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं, म्हणाले, 'झ्याक हाय. दसरा होऊं द्या.' दसरा झाला. 'दिवाळी होऊं द्या.' दिवाळी झाली. 'आता ऊस जाऊं द्या बिद्रीच्या साखर कारखान्याला, मग बगू.' अहो, उसाचा आणि जाळीचा काय संबंध? ऊस काय चाकातून जाणार आहे? 'सायब, इतकी वर्सं चाक फिरतंय, कुणाला खाल्लंय का?' कुणाला खायची वाट बघायची का आपण?

शेवटी मी म्हटलं, जाळी नाही तर नाही, निदान धोक्याची खूण तरी करू. आमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: यंत्राच्या धोकादायक भागांना नारिंगी रंग द्यावा, म्हणजे कामगार सावध होतात. सावध! हा शब्द लिहिणारा माणूस मला एकदा भेटू दे! रंग आणायला शाहूपुरीत गेलो. दुकानदार म्हणाला, 'नारिंगी न्हाय पावणं, ह्यो न्या, त्यातलाच हाय. शेंदरी.' मी डबा घेतला, सुट्टीच्या दिवशी एकटा कारखान्यात गेलो, चाक रंगवलं, चाकाचा खांब रंगवला, खालच्या फरशीवर जाड पट्टा ओढला, आणि वर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: सेफ्टी.

बस. एवढंच. मी फक्त रंग लावला होता हो. नुसता रंग!

दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, तर शेंदरी पट्ट्याच्या बाहेर बुटांची रांग. ओळीनं! महिनाभर फाटकावर उभं राहून ज्यांच्या पायात घातले, ते सगळे बूट काढून, हात जोडून, अनवाणी उभे! आणि खांबाला जास्वंदीचं फूल. पुढं बनाबाई. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या ज्ञानूला विचारत होत्या, 'काय ल्हिवलंय रं वर?'

'शेप्टी.'

'शेप्टी? कुठला द्येव म्हनायचा ह्यो?'

'सायबानं बसवलाय. सायबालाच ठावं.'

'शेप्टी... शेप्टी... आरं, शेप्टोबा आसंल!'

झालं! जोतिबा, खंडोबा, म्हसोबा, शेप्टोबा! एका दमात बारसं झालं, आणि तेही माझ्या नावावर!

मी ओरडलो, 'अहो, देव नाही तो! धोका आहे, धोका! ते चाक आहे! जवळ गेलात तर हात ओढून नेईल! जीव घेईल जीव!'

सगळे दोन पावलं मागं सरकले. मला वाटलं, चला, डोक्यात प्रकाश पडला. तर ज्ञानू हळूच शेजारच्याला म्हणतो, 'लई कडक द्येव हाय म्हनं.' आणि शेजारचा म्हणतो, 'जागृत!'

मी जितका जोरात सांगतोय की हे भयंकर आहे, तितके ते जोरात नमस्कार करतायत! आणि नुसत्या नमस्कारावर भागतंय होय? उदबत्ती आली. कुठं खोचली? डिझेलच्या डब्याच्या भोकात! नारळ आला. कुठं फोडला? स्विचबोर्डाच्या खाली, पाणी सगळं वायरींवर! ज्ञानू तर हातात तयार भागांची पाटी घेऊन, बूट बाहेर काढून, आत जाऊन नमस्कार करायला लागला, आणि एक भाग निसटून पडला तो थेट अंगठ्यावर. नख काळंनिळं. मी म्हटलं, 'बघ! बूट असते तर?' तर कळवळत म्हणतो, 'चूक माझीच सायब. काल मटान खाल्लंतं.'

आणि बनाबाई! आधी तहान लागली की जायच्या, आता काय करायला लागल्या? प्रदक्षिणा! प्रेसला! म्हणजे त्याच बोळातून, त्याच चाकाला खेटून, आणि देवापुढं उघड्या डोक्यानं कसं जायचं म्हणून पदर आणखी पुढं ओढून! मी धोका कमी करायला गेलो आणि धोक्याला भक्त मिळवून दिला! रात्री मला स्वप्नं पडायची, पदर, चाक, पदर, चाक... आई म्हणायची, 'नृसिंहा, दात काय खातोस झोपेत?' काय सांगू आईला? मी फक्त रंग लावला होता!

मग डोकं चालवलं. शेंदरी रंगानं घोटाळा झालाय ना? रंग बदला! आणला पिवळा. रंगवलं सगळं. सकाळी येतो तर आरडाओरडा, 'भंडारा! बिरदेव आलं, बिरदेव!' आणि कुणीतरी खरीखुरी हळद उधळली, ती ग्रीसमध्ये कालवून मशीनची आमटी झाली! पिवळा खरवडला, हिरवा लावला. ज्ञानू ऊद जाळत उभा. 'सायब, पीरबाबा बी आलं. बरं झालं, माज्या आईचा नवस राहिलाता.' हिरवा पुसला, चिडून काळा लावला. काळ्या रंगात काय देव असणार, सांगा! शनी! शनिवार होता हो त्या दिवशी! अख्ख्या कारखान्यानं चाकावर तेल ओतलं! फरशी अशी गुळगुळीत, की रंकाळ्याच्या शेवाळावर पाय ठरेल, इथं नाही!

'अहो, हे काय चाललंय?' मी रडकुंडीला आलो.

बनाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, 'घाबरू नगंस नरसू. द्येव रूप पालटतुया.'

रूप देव पालटत नव्हता हो, मी पालटत होतो! शाहूपुरीतला दुकानदार मला लांबून बघून डबे काढून ठेवायला लागला. शेवटी शेंदरीचाच अर्धा डबा उरला होता, तोच परत लावला आणि गप्प बसलो.

आणि मग तो दिवस आला.

अमावस्या होती, बनाबाईंची पूजा. चाक बंद होतं. त्या पलीकडच्या बाजूला, बोळात, वाकून फूल ठेवत होत्या. ज्ञानूला त्या दिसल्या नाहीत. कशा दिसणार? मध्ये एवढं मोठं धूड! त्यानं खटका ओढला. मी दारातून आत येत होतो, मला चाकाच्या फटीतून पदर दिसला. नुसता पदर. आणि तो पदर उचलला गेला, जसा वाऱ्यानं उचलतो तसा, आणि पट्ट्यात शिरला.

मी काय ओरडलो मला आठवत नाही. धावलो. स्विचकडं धावलो आणि त्या शनीच्या तेलावरून असा घसरलो, की उताणा, पाय पुढं, सरळ भिंतीवर जाऊन आदळलो, आणि उठून खटका पाडला. मोटर थांबली. पण तुम्हाला सांगतो, चाक थांबत नाही. मोटर बंद केली तरी एवढं जड चाक आपल्या वेगानं फिरतच राहतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. एकदा फिरलं. परत फिरलं. बनाबाई भिंतीला दोन्ही हातांनी धरून, मान वाकडी, आणि आवाज नाही. त्या बाईचा आवाज नाही!

आणि टर्रर्र.

लुगडं फाटलं. जुनं होतं, विरलेलं. चाकानं पदर ओढून नेला आणि बनाबाई भिंतीशी बसल्या. ज्ञानूनं मान फिरवून खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या अंगावर टाकला, आणि मग तोच मटकन खाली बसून हमसून हमसून रडायला लागला, 'मावशी, मला दिसला न्हाईसा गं, दिसला न्हाईसा...' मीही त्याच्या शेजारी फरशीवर बसलो आणि रडायला लागलो. आणि बनाबाई? त्या मानेवरून हात फिरवून आम्हा दोघांकडं बघत म्हणतात, 'आरं रडताय काय बापय माणसं? पानी प्या वाईच.' मग आपल्याशीच, 'बरं झालं बाई, जुनेरंच न्हेसलं हुतं. पूजा म्हनून इरकल न्हेसून येनार हुतो. वाळलंच न्हाय.'

इरकल. तुम्ही इरकली लुगडं ओढून बघितलंय कधी? ते फाटत नाही हो. ते फाटत नाही.

बाईंचं लुगडं वाळलं नाही, म्हणून बाई वाचल्या. माझ्यामुळं नाही. माझ्या पुस्तकामुळं नाही, पाटीमुळं नाही, रंगामुळं तर नाहीच नाही!

तेवढ्यात हंबीरराव धावत आले. मी काय बोललो ते सगळं सांगत नाही, पण आयुष्यात प्रथमच मालकांना अरेतुरे केलं. 'जाळी! जाळी! दसरा झाला, दिवाळी झाली, ऊस गेला, आता काय माणूस जायची वाट बघतोस का रे?' तो एवढा मोठा पैलवान, पांढराफटक पडून उभा. आणि सवय बघा कशी असते, त्या घाबरलेल्या अवस्थेतसुद्धा तोंडातून आलं काय, 'करूं की... पाडवा होऊं द्या...'

मी ताडकन पुढं झालो, आणि माझ्या आधी बनाबाई बोलल्या.

'पाडवा कशापायी, मालक? द्येवानं पदर वढला. का वढला?'

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

'उगड्यावर बसीवलाय म्हनून वढला! ऊन म्हनू नगा, धूळ म्हनू नगा, समदी येत्यात जात्यात, कुनी बी शिवतंय. द्येवाला काय गाभारा नगो?'

'नगो कसा?' ज्ञानू डोळे पुसत उठला. 'पायजेच की!'

आणि हंबीरराव! ते लोणी एका क्षणात वितळलं. छाती पुढं काढून गरजले, 'अंबूबाईच्या कारखान्यात द्येव उगड्यावर? आमच्या आईला काय वाटंल? गाभारा झालाच पायजे! आजच्या आज!' मग माझ्याकडं वळून, एकदम हळू, 'सायब... गाभारा कसा आस्तुय वो? तुमी शिकल्यालं मानूस. नकाशा हाय का काय?'

तुम्हाला सांगतो, मी तोंड उघडलं. डोळ्यांपुढं ढाल आली. पुरं भाषण तयार होतं हो, मुद्द्यांसकट! 'मित्रहो, हा देव नाही, हा कार्यकारणभाव आहे...' आणि समोर बनाबाई. खांद्यावर ज्ञानूचा टॉवेल, मानेवर पदरानं ओढलेला लालभडक वळ.

मी तोंड मिटलं. टेबलाकडं गेलो. जाळीचं ड्रॉइंग काढलं. आणि म्हटलं, 'आहे. गाभाऱ्याचा नकाशा आहे.'

तीच जाळी! तोच पिंजरा, तेच दार, तेच कुलूप! एवढे महिने ज्यासाठी घसा फोडला, ती जाळी दोन दिवसांत उभी! कुणी सांगावं लागलं नाही, कुणी टाळाटाळ केली नाही. सुट्टीच्या दिवशी माणसं आली, वेल्डिंग करताना गॉगल घातले — 'द्येवाचं काम हाय, डोळं बिगडाय नगोत' — आणि ज्ञानूनं उरलेल्या पत्र्याचा कळस कापून वर बसवला. माझ्या ड्रॉइंगमध्ये कळस नव्हता, पण आता वाद कोण घालणार? बोळ बंद. माठ अलीकडं. 'द्येवाच्या पाठीमागं पानी प्यायचं बरं दिसत न्हाय,' हे बनाबाईंनीच ठरवलं. आणि नियम? चाक फिरत असताना दर्शन बंद. का? 'द्येव कामावर हाय.' दार उघडायचं फक्त मशीन थांबल्यावर, खटका पाडून, फ्यूज काढून, फ्यूज पुजाऱ्याच्या खिशात.

पुजारी कोण म्हणता? पहिला शेंदूर कुणी लावला?

किल्ली माझ्याकडं असते.

इन्स्पेक्टर आले. जाळी हलवून बघितली, कुलूप बघितलं, फ्यूजची पद्धत ऐकली, एकदम खूश. 'जिल्ह्यात इतकी शिस्त मी बघितली नाही,' म्हणाले. मग मान वर केली. 'हे वरचं टोक कशाला?' हंबीरराव माझ्याकडं, मी छताकडं. म्हटलं, 'हवा खेळती राहायला, साहेब.' त्यांनी मान डोलावली. जाताना इकडं तिकडं बघितलं, कुणी बघत नाहीसं वाटलं, आणि पटकन हात जोडून गेले.

पण बूट! बुटांचं काय? गाभाऱ्यापुढं बूट काढायची पद्धत काही जाईना. भट्टीवर घालतात, प्रेसजवळ आले की काढतात. ज्ञानूचं दुसरं नख गेलं. आता लग्नात अक्षता पडताना नवरीनं पायाकडं बघितलं तर काय म्हणेल ती आजऱ्याची पोरगी?

आणि परवा नवीन मशीन आलं. मोठा ग्राइंडर. त्याच्या ठिणग्या अशा उडतात, की दिवाळीत फुलबाज्यांचं पोतंच पेटवलंय असं वाटावं. मशीन बसवलं, आणि तुम्हाला सांगतो, सगळे आपोआप गोळा झाले. बूट काढले, रांगेत लावले, हात जोडले. ज्ञानूच्या हातात नारळ. 'सायब, नारळ कुठं फोडायचा?' आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या हातातल्या डब्यावर. शेंदरी.

मी उभा. ब्रश हातात. भाषण करावं? विज्ञान सांगावं? परत ढाल डोळ्यांपुढं आली, झेंडूच्या माळेसकट... मग मी ब्रश बुडवला, फरशीवर पट्टा ओढला, आणि आमच्या दादांनी ऐकलं असतं तर घराबाहेर काढलं असतं अशा भाषेत ओरडलो:

'ऐका! ह्यो द्येव येगळा हाय! ह्याला अनवानी मानूस खपत न्हाय! बूट घातल्याबिगर ह्या रेघंच्या आत यायचं न्हाय!'

गडबड उडाली. ज्याचा त्याचा बूट ज्याच्या त्याच्या पायात! नाड्यासुद्धा बांधल्या! नाड्या बांधलेल्या मी त्या कारखान्यात पहिल्यांदा बघितल्या! आणि बनाबाई मागून भोंगा लावल्यागत म्हणतात, 'आन् बायांनी काय करायचं वो मालक? आमी काय दर्शनाबिगर ऱ्हायाचं? बुटं आना की आमास्नी!' आणि मालक, ते लुगड्याखाली बूट न शोभणारे मालक म्हणतात, 'आनतो की, द्येवाला पायजेत म्हटल्यावर आनायला नगोत व्हय?'

काल बनाबाईंना बूट मिळाले. नऊवारी, खाली काळे जाड बूट, टाक टाक टाक करत अख्ख्या कारखान्यातून मिरवत आल्या, पदर कमरेला गच्च खोचलेला, माझ्यापुढं भाकरी ठेवली, ग्राइंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि जवळ येऊन कानात विचारतात, 'नरसू, खरं सांग. ह्या द्येवाला त्यो गॉगल बी लागतुया व्हय रं?'

काय सांगू? तुम्हीच सांगा, मी काय सांगायला पाहिजे होतं? कॉलेजात ढाल मिळवलेला माणूस मी... डोळे मिटून घेतले आणि म्हटलं,

'लागतोय, बनाबाई. त्याचं तेजच तसं हाय.'